काम वाटलं, आता जोडणार कोण?

दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी शिफ्ट असं ज्यांचं चालू असतं त्यांना एक गोष्ट फुकटात मिळते, एकाच दिवसात दोन वेगळ्या टीम बघायला मिळतात. मी कस्टमर सपोर्टमध्ये पार्ट टाइम करते, तक्रारींची तिकिटं येतात ती सोडवायची, नाही सुटली तर पुढच्या शिफ्टच्या हवाली करायची, आणि दिवसा लेक्चर, प्रॅक्टिकल, सबमिशन, ग्रुप प्रोजेक्ट हे नेहमीचं. लोक विचारतात दोन्ही कसं जमतं गं. जमतं कसलं, ओढून ताणून चाललंय, पण तो विषय वेगळा. टीमवर्क टीमवर्क म्हणून जे काही दोन्हीकडे चालतं त्यात एक गोष्ट सगळे सारखीच विसरतात असं मला आता पक्कं वाटायला लागलंय, त्याबद्दल लिहायचंय.

विसरतात काय, तर जोडणी. काम वाटणं कोणालाही जमतं, दहा मिनिटांचं काम आहे. तू इंट्रो घे, तू डेटा बघ, तू पीपीटी कर, झालं, सगळे खूश, ग्रुपवर अंगठे. आणि मग जो तो आपापल्या कोपऱ्यात. हे सगळे तुकडे एकत्र आणून त्याचं एक काम करायचं ही गोष्ट वाटणीत कोणाच्याच वाट्याला आलेली नसते, त्यामुळे ती सबमिशनच्या आदल्या रात्री ज्याला झोप येत नाही त्याच्या गळ्यात पडते.

आमच्या एका प्रोजेक्टचं सांगते. पाच जण, पाच भाग. प्रत्येकाने आपला भाग मनापासून केला होता, कामचुकार त्यात कोणीच नव्हतं, हे मुद्दाम सांगतेय. रात्री सगळं एका फाइलमध्ये टाकलं तर एकच व्याख्या तीन स्लाइडवर, तीन वेगळ्या शब्दांत. एकाने टक्केवारी काढली होती ती सगळ्या उत्तरांवर, दुसरीने काढली ती फक्त पूर्ण भरलेल्या फॉर्मवर, त्यामुळे आलेख एक सांगतोय आणि निष्कर्ष भलतंच काहीतरी. दोघांचं आपापल्या जागी बरोबर. आता रात्री अकरा वाजता कोणाचं बदलायचं? ज्याचं बदलायचं तो झोपलाय. शेवटी आलेखाची ती स्लाइडच काढून टाकली, आणि सगळ्यात जास्त मेहनत नेमकी त्याच स्लाइडवर घेतलेली होती.

ह्याला आळस म्हणायचं का? नाही ना. पण टीम फसली की आपण पहिलं बोट कोणाच्या तरी आळसाकडेच दाखवतो. मॅक्स रिंगेलमन नावाचे एक फ्रेंच कृषी अभियंता होते, त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता, १९१३ मध्ये ते छापून आलं. एकटा माणूस जितका जोर लावतो त्याच्या जवळपास निम्माच जोर आठ जणांच्या घोळक्यात दर माणशी पडला. रिंगेलमन ह्यांचा रोख मुख्यतः ह्यावर होता की सगळ्यांचा जोर एका क्षणी लागत नाही, एकाचा लागतो तेव्हा दुसऱ्याचा सुटलेला असतो. पुढे १९७४ मध्ये हाच प्रयोग जरा खोडसाळपणे परत केला गेला, डोळ्यावर पट्टी बांधून माणसाला असं भासवलं की मागे अजून माणसं ओढताहेत, खरं तर ओढत होता तो एकटाच, तरीही त्याचा जोर कमी झाला. म्हणजे आळस अगदीच नसतो असं नाही, थोडा असतो. पण जोर न जुळणं हे वेगळं दुखणं आहे आणि त्याच्यावर ओरडून उपयोग नसतो, आणि कॉलेजमध्ये काय ऑफिसमध्ये काय, उपाय म्हणून ओरडाच चालू असतो.

दुसरा आवडता उपाय म्हणजे माणसं वाढवणे. उशीर होतोय? अजून एक माणूस द्या. आमच्या शिफ्टला तिकिटं साचली की वरून हेच येतं. आता साधा हिशोब करून बघा, पाच जण असतील तर आपापसातल्या जोड्या होतात दहा, सहावा आला की पंधरा, आठ झाले की अठ्ठावीस. माणूस एक वाढला पण कोणी कोणाला काय सांगायचं ते धागे पाच वाढले. फ्रेडरिक ब्रूक्स आयबीएममध्ये एका मोठ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामाचे प्रमुख होते, त्यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशिरा चाललेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. नव्या माणसाला शिकवायला जुनाच माणूस लागतो, तो तेवढा वेळ कामातून उठतो. आमच्याकडे नवीन मुलगा आला तेव्हा पहिले कितीतरी दिवस आमची सगळ्यात फास्ट असलेली सीनियर त्याच्या शेजारी बसलेली असायची आणि तिच्या रांगेतली तिकिटं तशीच. त्यात चूक त्या मुलाची अजिबात नव्हती, बिचारा सारखा सॉरी म्हणायचा. ह्याचा अर्थ माणसं घेऊच नका असा नाही हं, आग लागायच्या आधी घ्या एवढंच.

बरं, आता ऑफिसमध्ये मला जे सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते कुठल्याही ट्रेनिंगमधून नाही, हँडओव्हरच्या नोटमधून मिळालं. शिफ्ट संपताना अर्धवट राहिलेल्या तिकिटावर पुढच्या माणसासाठी दोन ओळी लिहायच्या असतात. बहुतेक नोटा अशा असतात: "कस्टमर चिडलाय. बोलणं झालंय. बघून घे." आता ह्यात काय बघू? बोलणं कोणाशी झालं, काय झालं, त्याला काय शब्द दिलाय? हे सगळं लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि तो बसमध्ये बसून घरी निघालेला असतो, मी इथे कस्टमरला फोन लावून पहिल्यापासून विचारते आणि तो म्हणतो अहो किती वेळा सांगायचं.

आणि आमच्या त्याच सीनियर ताईंची नोट अशी असायची: "रिफंड अडकलाय. बँक डिटेल्स चुकीचे होते, नवीन आलेत, मी टाकलेत पण अकाउंट्सकडून अजून ओके नाही. कस्टमरला उद्या दुपारपर्यंत कळवू असं सांगितलंय. सकाळी आधी अकाउंट्सला विचार. कस्टमरकडे परत डिटेल्स मागू नकोस, दोनदा देऊन झालेत, चिडलाय तो त्यावरूनच."

ही नोट वाचली तेव्हा मी तिचा फोटो काढून ठेवला होता (नाव नंबर झाकून, घाबरू नका). चार-पाच ओळीत काय झालंय, काय राहिलंय, कोणाकडे अडकलंय, आपण काय कबूल केलंय आणि काय करायचं नाही एवढं सगळं आहे. शेवटचं फार महत्त्वाचं. काय करायचं ते लोक लिहितात, काय करू नकोस हे कोणी लिहीत नाही, आणि घोळ तिथेच होतो, कारण नवीन माणूस जे पहिलं करायला जातो ते नेमकं तेच असतं. ताईंना विचारलं तुम्ही हे कुठे शिकलात, तर म्हणाल्या कुठे म्हणजे काय, माझ्या जागी उद्या कोण बसणार आहे त्याचा चेहरा डोळ्यासमोर आणायचा, तो मला काय विचारेल ते आधीच लिहायचं. संपलं.

पण लिहिणं ही अर्धीच बाजू. समोरच्याला कळलं का, हे कसं कळणार? ग्रुपवर मेसेज टाकला, निळी टिक आली, दोघांनी अंगठा दिला, आपण समजतो पोचलं. विमानाच्या जगात ह्याच गोष्टीची फार मोठी किंमत मोजली गेलीय. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटला होता म्हणून सगळी विमानं इकडे वळवलेली, लहान विमानतळावर खच्चून गर्दी, त्यात धुकं इतकं की टॉवरला विमानं दिसेनात आणि विमानांना एकमेकं दिसेनात. त्यातल्या केएलएम ह्या डच कंपनीच्या विमानाला उड्डाणानंतर कुठून कसं जायचं त्याची परवानगी मिळाली होती, उड्डाणाची नव्हती. को-पायलटने ती सूचना नियमाप्रमाणे परत म्हणून दाखवली आणि शेवटी आम्ही आता टेकऑफला आहोत अशा अर्थाचं काहीतरी जोडलं. टॉवरवाल्याला वाटलं तयार होऊन थांबलेत, तो ओके म्हणाला. विमान तर निघालेलंच होतं. टॉवरवाला लगेच पुढे म्हणाला थांबा, मी कळवतो, पण त्याच सेकंदाला दुसऱ्या विमानातले पायलट आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत असं सांगायला गेले, आणि दोन्ही आवाज रेडिओवर एकमेकांत अडकून केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोचली ती मुख्यतः एक शिट्टी.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा सगळ्यात जास्त टोचलं ते हे की परत म्हणून दाखवण्याचा नियम पाळला गेला होता. नियम मोडून अपघात झाला असता तर सोपं होतं. म्हणून दाखवलं, ऐकणाऱ्याने ऐकलं, आणि त्याला जे ऐकायची अपेक्षा होती ते त्याने ऐकलं. त्यानंतर रेडिओवर बोलायची पद्धत बदलली, टेकऑफ हा शब्द आता प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना, तेवढ्याच वेळी वापरायचा, बाकी वेळी डिपार्चर म्हणायचं. आणि अजून एक, केएलएमच्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. ते दुसरं विमान अजून बाजूला झालं नाही का, असं त्याने विचारलंसुद्धा. कॅप्टन म्हणाला झालंय की. हा कॅप्टन कंपनीचा अतिशय सीनियर, ट्रेनिंग देणारा माणूस. विषय तिथेच संपला. पुढे विमान कंपन्यांनी ज्युनिअरने शंका कशी ठामपणे बोलायची आणि सीनियरने ती कशी ऐकायची ह्याचं रीतसर ट्रेनिंगच चालू केलं.

आमच्या सपोर्टमध्ये अर्थात कोणाचा जीव जात नाही, फार तर कोणाचा रिफंड अडकतो. पण ती शंका प्रश्नाच्या रूपात हळूच विचारणं आणि सीनियर म्हणाला हो हो की गप्प बसणं हे मी रोज बघते. "सर, ते अकाउंट्सचं झालं असेल ना?" असं विचारलं की उत्तर हो असंच येणार, प्रश्नातच हो भरलेला आहे. त्याऐवजी सरळ म्हणायचं, सर, अकाउंट्सचं ओके मला अजून दिसत नाहीये, ते आल्याशिवाय कस्टमरला मेल पाठवू का थांबू? ह्यात उद्धटपणा काहीच नाही, पण आपल्याकडे मोठ्यांना असं विचारायचं म्हणजे जीभ जड होते, लहानपणापासूनची सवय आहे. मला तर असं वाटतं की ही जबाबदारी आधी सीनियरची आहे. ज्युनिअरने धीट व्हावं असं सगळे सांगतात, ज्या खुर्चीतून एकदा तिरकस उत्तर मिळालं त्या खुर्चीसमोर परत कोण धीट होणार?

आणि ग्रुपवरचं ते "कोणीतरी बघा रे प्लीज". हे वाचून मी तरी कधीच काही बघितलेलं नाही आणि बघणारही नाही. नाव घ्या. नाव घेतलं की राग येतो असं वाटतं लोकांना, उलट न घेतल्यामुळेच नंतर राग येतो. तसंच नुसतं "हाय" टाकून वाट बघत बसणारे, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही, आपलं तोंड खराब होतं.

प्लॅनिंगचं मात्र मला वाटतं आपण अतिशय चुकीच्या जागी डोकं लावतो. रंगीत कॅलेंडर, ॲप, टू-डू लिस्ट, सगळं चालतं, पण आत आकडे घालायचे कुठून? ते आपण मनाने घालतो. कानेमान आणि ट्वर्स्की ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये वेळेचा अंदाज कमीच धरायच्या ह्या खोडीबद्दल लिहिलं होतं, आणि १९९४ चा एक अभ्यास तर खास आमच्यासारख्यांचाच आहे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं तुमचा प्रबंध किती दिवसात होईल, सरासरी उत्तर आलं ३४ दिवसांच्या आसपास. बरं, सगळंच वाईट घडलं तर? तर म्हणाले ४९ च्या आसपास. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ च्या वर. म्हणजे मुद्दाम वाईटात वाईट धरलेला अंदाजसुद्धा कमीच पडला, आणि आपल्या पहिल्या अंदाजात काम संपवणारे होते जेमतेम तीस टक्के. हे वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आपण अंदाज करायच्या वेळी डोळ्यासमोर फक्त हेच काम आणतो, मागच्या वेळी काय झालं होतं ते आणत नाही. मागची असाइनमेंट लांबली ती लाईट गेली म्हणून, त्याच्या मागची सर्दी झाली म्हणून, ही अपवादात्मक कारणं आहेत असं आपण धरतो आणि यावेळी ती नसणार. अरे, पण दर वेळी एक अपवाद असतोच ना. म्हणून मी हल्ली वहीच्या मागच्या पानावर कुठलं काम प्रत्यक्षात किती लांबलं ते लिहून ठेवते, आणि नवीन कामाला मनाला किती वाटतंय ते न विचारता ते पान बघते. पान बघून मूड जातो, हे खरं आहे.

आणि ग्रुपच्या प्लॅनमध्ये परत तेच पहिलं दुखणं. प्रत्येकाच्या भागाची तारीख असते, जोडायची तारीख नसते. सगळ्यांनी पंधरा तारखेला द्यायचं आणि सबमिशन पण पंधरालाच, मग जोडणार कधी, बसमध्ये? आता आम्ही अर्धवट झालेले भागच आठवडाभर आधी एकत्र टाकतो, कितीही कच्चे असले तरी. मोकळ्या स्लाइड, नुसती शीर्षकं, चालतील. त्यामुळे टक्केवारी कशावर काढायची ही भांडणं दुपारी होतात, सगळे जागे असताना. लाज वाटते लोकांना कच्चं दाखवायला, ती पहिल्या वेळी वाटते, नंतर नाही.

नोकरी करणाऱ्यांसाठी अजून एक, परीक्षेचं. रोस्टर, म्हणजे कोणाची शिफ्ट कधी ते, आधी लागतं आणि परीक्षेचं टाइमटेबल नंतर येतं, हे सगळीकडे असंच. बहुतेक मुलं टाइमटेबल आल्यावर टीम लीडकडे जातात, तोपर्यंत रोस्टर लागून गेलेलं असतं, मग रडारड आणि अदलाबदल आणि कोणाचे तरी उपकार. नक्की माहिती नसेल तर नसलेलीच सांगायची. मी सांगते की ह्या दोन आठवड्यांत कधीतरी पेपर आहेत, तारखा आल्या नाहीत, आल्या की त्याच दिवशी कळवते, तोवर मला सलग रात्रीच्या शिफ्ट लावू नका. लीडला अर्धवट माहिती चालते, त्याला आयत्या वेळची चालत नाही. कॉलेजच्या ग्रुपला पण तेच, माझी शिफ्ट आहे म्हणून मला मीटिंगला जमणार नाही हे मीटिंगच्या दिवशी सांगायचं नसतं, आणि मीटिंग ठेवणाऱ्यांनी पण शिफ्टवाल्यांना विचारून ठेवायला काय हरकत आहे म्हणते मी, आम्ही काय हौस म्हणून जातो का.

एवढं सगळं कळूनसुद्धा जोडणीचं काम कोणी आनंदाने का घेत नाही ह्याचा विचार करत होते. कारण सरळ आहे, त्याला मार्क नाहीत. व्हायव्हाला सर विचारतात तू काय केलंस? डेटावाला म्हणतो डेटा, आलेखवाली म्हणते आलेख, आणि जिने सगळ्यांच्या मागे लागून, आकडे जुळवून, भाषा एक करून ते उभं केलं ती काय सांगणार, मी जोडलं? ऐकायला काहीच न केल्यासारखं वाटतं. ऑफिसमध्ये तरी वेगळं काय, महिन्याच्या शेवटी आकडा येतो तो कोणी किती तिकिटं बंद केली त्याचा. ताई त्या आकड्यात कधीच पहिल्या नसतात. त्यांच्या नोटेमुळे पुढच्या शिफ्टने जे तिकीट चुटकीसरशी बंद केलं ते जातं पुढच्या शिफ्टच्या खात्यात, म्हणजे बऱ्याचदा माझ्या.

हे मी लीडच्या कानावर घातलं, आणि सोबत एवढंच मागितलं की दोन शिफ्ट पंधरा मिनिटं एकमेकांवर चढवा, हँडओव्हर त्या वेळात होऊ दे, आत्ता तो आम्ही आमच्या घरी जायच्या वेळात करतोय. ते म्हणाले कल्पना चांगली आहे, वर बोलून बघतो. मी विचारलं सर, कधीपर्यंत? जरा थांबले, मग म्हणाले गुरुवार. मी म्हटलं ठीक आहे, गुरुवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी तुमच्याकडे येते.